शेपटीचे पंधरा टक्के

"घरी करवत आहे ना?" केशवरावकाकांनी विचारलं.

"आहे."

"मग अडलंय कुठे? आडवी शेपूट काप, पंधरा टक्के मोठी कर, परत चिकटव. दोन रविवारचं काम. हौ की नाही रे तेजस?"

तेजस शेजारी बसून स्वतःच्या विमानाचा पंखा घट्ट करत होता. "काका, मला यात घेऊ नका," तो मान वर न करता म्हणाला. "मी पुण्याचा आहे. मत द्यायला लागलो तर अर्धा तास जाईल."

आमच्या क्लबचं मैदान शहराबाहेर, घटकेसरच्या पुढे आहे. नव्वद मीटर डांबराची पट्टी, पत्र्याची शेड आणि शेडमध्ये सिमेंटचं एक लांब टेबल. त्या टेबलावर माझं विमान होतं, अजून कागद न चढवलेलं, बाल्सा लाकडाच्या बरगड्या उघड्या. एचटी-२. देशात आखून बांधलेलं पहिलं प्रशिक्षण विमान. दोन माणसं एकामागे एक बसायची, एक शिकायला आणि एक शिकवायला. माझं मूळच्या एक षष्ठांश आकाराचं. पंखांची लांबी १७८.७ सेंटिमीटर. दशांशावरून लोक हसतात, पण नकाशा सहाने भागला की तेवढीच येते, त्याला मी काय करू?

शेपूट मोठी करणं हा क्लबचा नियम नव्हता, रिवाज होता. लहान केलेलं विमान हवेत चंचल होतं, नाक वर-खाली करतं. आडवी शेपूट प्रमाणाबाहेर वाढवली की ते शांत राहतं. केशवरावकाका क्लबचे सचिव. चाळीस वर्षं विमानं उडवतायत. नारायणगुड्यातल्या त्यांच्या घरी जिन्याच्या छताला सोळा विमानं टांगलेली आहेत आणि सोळाही शेपट्या मोठ्या आहेत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. भिंत हिशोबापेक्षा जाड बांधायची ही तिथली सवय त्यांनी बरोबर आणली होती.

माझाही हिशोब होता. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि विद्यानगरच्या एका क्लासमध्ये अकरावीला शिकवते. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून ६५ मिलिमीटरवर ठेवला तर मूळ मापाची शेपूट पुरते, आणि तोल मागे सरकायला वर बारा मिलिमीटर राखीव उरतात, असं माझं गणित सांगत होतं. गणितावर विश्वास नको म्हणून मी थर्माकोलचं छोटं विमान केलं आणि अंबरपेठच्या आमच्या गच्चीवरून एकतीस वेळा फेकलं. एकतीसपैकी तेवीस वेळा ते सरळ गेलं. उरलेल्या आठ वेळा वारा होता किंवा शेजारच्यांची वाळत घातलेली चादर.

"काका, मोठी शेपूट लावली तर ते उडेल. पण ते एचटी-२ नसेल."

"वरून घार बघणार आहे का मोजमाप?"

"मी बघणार आहे."

"आणि पडलं म्हणजे? अकरा महिन्यांची मेहनत, पोरी!"

"माझीच आहे ना."

मग त्यांनी अट घातली. नवीन विमानाचं पहिलं उड्डाण क्लबमध्ये तेच करतात. माझी शेपूट मूळ मापाची राहणार असेल तर उड्डाण मी करायचं, पण वायर लावून. नवशिक्यांना शिकवताना आम्ही दोन रिमोट एका वायरने जोडतो. शिकवणाऱ्याच्या रिमोटवर एक बटण असतं. ते त्याने दाबून धरलं आहे तोवर विमान शिकणाऱ्याचं. बोट उचललं की विमान त्याचं. मी तीन वर्षं एकटीने उडवत होते, तरी वायर.

"मी बोट उचललं नाही, तर पुढे तुझं तू बघ. एकटी उडव. उचलावं लागलं, तर करवत. कबूल?"

"कबूल."

---

पहिलं उड्डाण संक्रांतीनंतरच्या रविवारी ठरलं. विमानाला पिवळा रंग चढला होता. वजन, बॅटरी धरून, ३४१० ग्रॅम. आदल्या दिवशी मी तोल तपासला तेव्हा मागच्या सीटवर अजून वैमानिकाची बाहुली नव्हती, म्हणून तिथे पंचवीस ग्रॅम मेणमाती ठेवली. बाहुलीचं वजन मी तेवढंच धरलं होतं. पुढची बाहुली तेवढीच भरली होती.

बाहुल्या आई करत होती. आई, म्हणजे मीना, हा तिचा उद्योगच आहे. संक्रांतीला आंध्रातल्या घरांमध्ये पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात, बोम्मल कोलुवु म्हणतात त्याला. अंबरपेठेतल्या आणि नारायणगुड्यातल्या कितीतरी घरांतल्या बाहुल्या आमच्या घरून जातात. त्या गडबडीत मागचा वैमानिक राहून गेला आणि रविवारी पहाटे पूर्ण झाला. मी बॅटऱ्या पेटीत भरत होते. आईने स्वतःच त्याला सीटवर बसवलं, पट्टा आवळला.

"बघ गं, मिशा दिल्यात. शिकवणारा आहे ना."

मी बघितलं. मिशा केशवरावकाकांच्या होत्या. मी इतकी हसले की काचेचं झाकण तसंच बंद केलं.

मैदानावर आई पहिल्यांदाच आली होती. तेजसने तिला शेडमधली खुर्ची दिली. काका माझ्या डाव्या हाताला उभे राहिले, आमच्या मधे वायर.

"बोट दाबलंय," ते म्हणाले. "विमान तुझं."

पट्टीवर ते सुंदर धावलं. शेपूट उचलली गेली आणि साठएक मीटरवर चाकं सुटली. मग नाक वर जायला लागलं आणि जातच राहिलं. मी रिमोटची काडी जेमतेम पुढे ढकलली तर नाक खाली गेलं, नुसतं खाली नाही, सूर मारल्यासारखं. मागे घेतली तर उडी. मी काडीवरचा अंगठा काढून फक्त नखाची कड ठेवली. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणापर्यंत मला त्याचा स्वभाव थोडा कळायला लागला होता. ढकलायचं नाही, नुसतं सुचवायचं.

"सोड, पोरी."

"नको, काका, जमतंय."

"नाही जमत."

पुढच्या क्षणी माझी काडी मेली. हलवली तरी वर काहीच होईना. काकांनी बोट उचललं होतं.

त्यांनाही ते सोपं गेलं नाही. चाळीस वर्षांचे हात असूनही विमान तीन उड्या मारत उतरलं. डाव्या चाकाचा पाय मोडला, पंख्याचं एक पातं गेलं. काकांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि एकच शब्द बोलले.

"शेपूट."

मी विमान उचलून शेडमध्ये आणलं. तोल तपासायच्या माझ्या दोन लाकडी खुंट्या पेटीतून काढल्या, ६५ मिलिमीटरच्या खुणांवर विमान टेकवलं. शेपूट धाडकन खाली गेली. विमान आडवं राहीपर्यंत खुंट्या मागे सरकवत गेले. ७३ वर राहिलं. आठ मिलिमीटर मागे! बारातले आठ गेले होते, चार उरले होते. चारांवर विमान तसंच वागणार, जसं वागलं.

"काय शोधतेस?" आईने विचारलं.

मी झाकण उघडून मिशावाल्याला बाहेर काढलं. तो हातात जड लागला.

"आई, यात काय भरलंस?"

"कापूस. आणि बुडाला थोडी वाळू."

"वाळू?"

"मग! वाळूशिवाय बाहुली बसेल का? पायरीवरून पडते. सगळ्या बाहुल्यांना घालते मी. पुढच्याला तू घाईने नेलंस म्हणून राहिली."

"आई, याला पट्टा आहे!"

"पट्ट्याचा काय भरवसा?"

तेजसने तोंड दुसरीकडे वळवलं. क्लबच्या काट्यावर वैमानिक भरला १५६ ग्रॅम. पंचवीसच्या जागी.

"म्हणजे शेपूट नाही," मी म्हणाले. "तोल होता."

"शेपूट मोठी असती तर एवढ्याने काही झालं नसतं," काका म्हणाले. "त्यासाठीच असते ती मोठी. कोणाची ना कोणाची आई वाळू घालतेच."

हे चूक नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

"तोल न तपासता मी विमान वर नेलं. ही चूक माझी, शंभर टक्के. आईची नाही, शेपटीचीही नाही. मी डिंकाचे थेंब मोजले आणि बाहुली उचलून बघितली नाही."

"मग करवत काढ."

"अट शेपटीबद्दल होती. आज शेपटीची परीक्षा झालीच नाही."

"वकिली बोलू नको. मी बोट उचललं की नाही?"

"उचललंत. आणि नियमावलीत अकरावं कलम आहे, तुम्हीच लिहिलेलं. उड्डाणाआधी तोल न तपासल्यास महिनाभर मैदानबंदी. ते लावा मला. मी हूं की चूं करणार नाही. पण न केलेल्या चुकीसाठी शेपूट कापणार नाही."

शेडमध्ये सात-आठ जण होते. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"लावतो," ते म्हणाले. "महिनाभर दिसू नकोस. आणि महिन्याने हीच शेपूट घेऊन आलीस तर?"

"हीच घेऊन येणार."

---

घरी येताना रिक्षात विमान आमच्या दोघींच्या मांडीवर आडवं होतं.

"मी त्यांना भेटून सांगते," आई म्हणाली. "म्हणावं, माझ्यामुळे झालं."

"तू काही सांगायचं नाहीस."

"अगं, पण वाळू..."

"वाळू तुझी. तपासणं माझं."

"एवढी कशी गं हट्टी?" ती म्हणाली आणि थोड्या वेळाने, "पण मिशा बरोबर जमल्यात ना?"

मी चाकाचा पाय नव्याने वळवला, पंखा बदलला. आईने वैमानिकाची शिवण उसवून वाळू गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत ओतली आणि आत शेवरीचा कापूस भरला. तिने स्वतः स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून मला हाक मारली. चोवीस ग्रॅम. मी खुंट्यांवर तोल पाहिला, दुसऱ्या दिवशी परत पाहिला. दोन्ही वेळा ६५.

तिसऱ्या रविवारी दुपारी तेजस घरी आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी सपाट होतं.

"काकांनी दिलंय. मी फक्त टपाल आहे."

आत आडवी शेपूट होती. एचटी-२ची, पंधरा टक्के मोठी. काकांनी स्वतः केलेली. बरगड्यांचे सांधे असे बसवले होते की बोटाला जाणवत नव्हते. कडा घासून इतक्या पातळ आणल्या होत्या की उन्हात धरल्यावर लाकूड गुलाबी दिसलं. सत्तरीच्या जवळ आलेल्या माणसाने किमान दहा दिवस बसून हे केलं होतं. मी तोवर केलेल्या कुठल्याही कामापेक्षा ते चांगलं होतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, करवत चालवायची नसेल तर नको. नुसती बदल म्हणावं. जुनी जपून ठेव."

आई शेपटीवरून हात फिरवत होती. "लाव ना गं. एवढं मनापासून केलंय. माणूस एवढा झुकतो तेव्हा आपणही..."

"झुकले नाहीत ते. त्यांनी करवत फक्त स्वतःच्या हातात घेतली."

"असं बोलतात का?"

मी ती माझ्या शेपटीशेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत बसले. लावली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. विमान नक्की उडालं असतं आणि काका सगळ्यांना सांगत फिरले असते की पोरगी शहाणी आहे. फक्त मला जे विचारायचं होतं ते कायमचं विचारायचं राहून गेलं असतं. या मापाची शेपूट पुरते की नाही? हो किंवा नाही. तिसरं उत्तर मला नको होतं, कितीही गुळगुळीत घासलेलं असलं तरी.

मी ती परत वर्तमानपत्रात गुंडाळली.

"सुंदर आहे म्हणावं. सांधे कसे केले ते मला शिकायचंय. पण लावणार नाही."

तेजसने सुस्कारा टाकला. "वृषाली, तुम्ही दोघं एकाच मापाचे आहात. सहाने भागायचीसुद्धा गरज नाही."

"चहा घेणार?"

"नक्को. आधी हे परत देऊन येतो, मग पिता येईल न येईल."

---

बंदी संपल्यावरच्या पहिल्या रविवारी मी साडेसहाला मैदानावर होते. बरोबर आई, पेटी आणि तीच शेपूट.

काका शेडमध्येच होते. ते शेपटीकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही. मी खुंट्या काढल्या, विमान टेकवलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. ६५. मग वैमानिक बाहेर काढून काट्यावर ठेवला. चोवीस. परत बसवला, परत तोल. ६५. काकांनी स्वतःची मोजपट्टी काढून मोजलं. मग विमान फिरवून दुसऱ्या पंखाखाली मोजलं.

"वायर लाव," ते म्हणाले.

मी लावली. एक उड्डाण वायरने, हे मीच कबूल केलं होतं.

पूर्वेकडून हलका वारा होता. शेपूट उचलली, चाकं सुटली, आणि नाक जिथे ठेवलं तिथे राहिलं. ती भावना सांगायला मी फार शब्द वापरणार नाही. मी काडी सोडली, पूर्ण सोडली, आणि तीन सेकंद मोजले. ते सरळ गेलं.

"काडी धर!" काका ओरडले.

"धरते. बघत होते."

"बघायला नंतर बघ!"

चौथ्या फेरीत पट्टीच्या टोकाला वाऱ्याचा झोत खालून लागला. डावा पंख उचलला गेला, नाक डुललं. काकांचा श्वास मला ऐकू आला.

"सोडू का?"

"नको."

"वृषाली, मी बोट उचलतोय."

"काका, नको म्हटलं ना!"

मी वळून बघू शकत नव्हते. माझी काडी अजून जिवंत आहे का हे कळायला एकच मार्ग होता, ती हलवणं. मी डावीकडे थोडी दिली. वर, दूर, पिवळे पंख सावकाश सपाट झाले. नाक एकदा खाली, एकदा वर आणि तिसऱ्यांदा जागेवर. मी केलेल्या गणितात डुलणं तिसऱ्या वेळी थांबत होतं. मी तसं मोठ्याने म्हणाले असावे, कारण तेजस मागून म्हणाला, "अगं, आता गणित नको, उतरव."

उतरवलं. एक उडी, लहानशी, आणि मग धावत येऊन पट्टीच्या मधोमध थांबलं. आईने टाळ्या वाजवल्या आणि कोणीच वाजवत नाही हे बघून थांबली. मग तेजसने वाजवल्या, मग बाकीच्यांनी.

काका अजून रिमोट धरून उभे होते. बटणावरचं त्यांचं बोट पांढरं पडलं होतं.

"बरं होतं," ते म्हणाले. "झोत आला तेव्हा जरा डुललं."

"तीनदा. मग थांबलं."

"मोठी असती तर एकदाच डुललं असतं."

"हो. एकदाच डुललं असतं."

"मग?"

"मग काही नाही. तीनदा डुललं आणि थांबलं."

त्यांनी नाकातून श्वास सोडला. "ठीक आहे. असं कर, पुढचे सहा रविवार वायर लावूनच उडव. वारा आहे, उन्हाळा येतोय, उन्हाने हवा उसळते. मी आहेच इथे. सहा रविवार म्हणजे काही फार नाही."

"अट एका उड्डाणाची होती."

"अट बिट जाऊ दे. मी तुझ्या काळजीने..."

"तुम्ही बोट उचललं नाहीत. मग पुढे माझं मी बघायचं, असं ठरलं होतं."

"उचलणार होतो."

"पण उचललं नाहीत."

त्यांनी शेडकडे पाहिलं, जणू तिथून कोणी त्यांच्या बाजूने बोलेल. तेजस बॅटरीच्या वायरी मोजत होता. आई आमच्याकडेच बघत होती आणि मला माहीत होतं की तिलाही सहा रविवार फार वाटत नव्हते.

मी विमानाची बॅटरी बदलली, झाकण लावलं. मग माझ्या रिमोटच्या मागे हात नेऊन वायरचं टोक उपसलं आणि ते काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं. बहुधा कोणी काही हातात दिलं की माणूस घेतो म्हणून.

"वृषाली, मी सचिव आहे या क्लबचा."

"हो. म्हणूनच वारा किती आहे ते सांगा. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो."

ते काही बोलणार होते. मग त्यांचा चेहरा आपोआप पट्टीच्या टोकावरच्या फडक्याकडे वळला. चाळीस वर्षांची सवय.

"आठ-नऊ किलोमीटर," ते तुटकपणे म्हणाले. "डावीकडून. जास्त होणार आहे."

"मग आत्ताच जाते."

मी घड्याळ सहा मिनिटांवर लावलं आणि विमान पट्टीवर सोडलं. या वेळी डाव्या हाताला कोणी नव्हतं. ते उचललं, चढलं, झाडांच्या वर सपाट झालं. दोन फेऱ्यांनंतर काका माझ्या मागे येऊन उभे राहिले. हातात गुंडाळलेली वायर होती.

"वळण फार आवळतेस."

"मूळ विमान एवढंच आवळून वळायचं. फोटोत आहे."

"फोटोत वारा दिसतो का?"

मी पुढचं वळण जरा मोठं घेतलं. ते बरोबर होते.

"आता उतरव," ते म्हणाले. "पहिल्या एकट्या उड्डाणाला एवढं पुरे. बॅटरी संपेल."

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटं दहा सेकंद शिल्लक होते. मी नाक वाऱ्याकडे केलं आणि आणखी एक फेरी घेतली.